तोंडाच्या कर्करोगाच्या ऊतीत एलडीएचए एन्झाइम तपासताना

मराठवाड्यात तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे नमुने भरपूर येतात, म्हणून उदाहरण त्याचंच. एलडीएचए म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज ए. ते ऊतीत कुठे आणि किती आहे हे अँटिबॉडी चिकटवून रंगाने दाखवायची ही पद्धत, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री.

तुकडा काढल्यापासून तासाच्या आत 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये जायलाच हवा, तेही ऊतीच्या दहापट. बीड-लातूरच्या मे महिन्यात उघड्यावर राहिलेली ऊती लवकर सडते. पुढे कितीही महागडी अँटिबॉडी वापरली तरी ते भरून निघत नाही. फिक्सेशन, म्हणजे फॉर्मालिनमध्ये ऊती पक्की होणं, 24 तास.

मग ऊती पॅराफिन मेणात बसवून 4 मायक्रॉनचे काप चार्ज्ड (काप धरून ठेवणाऱ्या) स्लाइडवर घेऊन 60 अंशांवर तासभर ठेवा. मेण काढायला झायलीन, मग अल्कोहोल, पाणी. मग अँटिबॉडी चिकटायची जागा उघडी करायला सायट्रेट बफर, पीएच 6, 95 अंशांवर 20 मिनिटं, आणि त्याच बफरमध्ये 20 मिनिटं गार होऊ द्या. घाई केली की काप सुटतो. बफरला डिस्टिल्ड पाणीच घ्या. बोअरचं जड पाणी पीएच बिघडवतं.

ऊतीतलं मूळचं पेरॉक्सिडेज बंद करायला 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 10 मिनिटं. हे चुकलं तर रक्तपेशीही तपकिरी दिसतात. प्रायमरी अँटिबॉडीचं (एलडीएचएला चिकटणारी) प्रमाण 1:100, 1:200, 1:400 असं तपासून ठरवा. उन्हाळ्यात स्लाइड झाकणाच्या ओल्या डब्यातच ठेवा, कडा वाळल्या की खोटा रंग चढतो. मग पॉलिमर (प्रायमरीला चिकटणारं, एन्झाइम जोडलेलं), तपकिरी रंग देणारं डीएबी 5 मिनिटं, शेवटी केंद्रकं निळी करणारं हिमॅटॉक्सिलिन. खोटा रंग ओळखायला प्रत्येक खेपेला एक स्लाइड प्रायमरी अँटिबॉडीविना हवीच.

रंग मुख्यतः सायटोप्लाझममध्ये पाहा. मृत भाग मोजू नका. एच-स्कोअर (रंगाचा एकत्रित आकडा): फिक्या पेशींची टक्केवारी, अधिक मध्यमची दुप्पट, अधिक गडदची तिप्पट, कमाल 300. दोघांनी स्वतंत्रपणे मोजावं.