मुलांच्या वाढदिवसाचा थीम केक घरी कसा करावा

पाच वर्षांच्या एका मुलासाठी मी जेसीबीचा केक केला होता. पिवळाधमक, समोर मोठं फावडं, काळी चाकं, केबिनला खिडक्या. मोठ्या माणसांनी तोंडभर कौतुक केलं. तो मुलगा मात्र केकभोवती एक फेरी मारून आला आणि हळूच म्हणाला, "खणायचा हात कुठंय?" मागचा हात मी केलाच नव्हता, कारण मला पाठवलेला फोटो समोरून काढलेला होता. आईशी माझं तीनदा बोलणं झालं होतं, मुलाशी एकदाही नाही. तेव्हापासून ओव्हन लावायच्या कितीतरी आधी मी मुलाशी बोलते, आणि पहिली पायरी म्हणून तुम्हालाही तेच सांगेन.

आधी मुलाला बोलतं करा

"कुठला केक हवा?" असं विचारलं की मुलं एका शब्दात उत्तर देतात: डायनासोर, परी, रॉकेट. तेवढ्यावर थांबू नका. हातात कागद-पेन्सिल द्या आणि "मला काढून दाखव" म्हणा. चित्र कसं का असेना, त्यात मूल जे सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठं काढतं, तेच ते केकवर शोधणार असतं. डायनासोरच्या पाठीवरचे काटे, रॉकेटच्या शेपटीचा जाळ, मांजरीच्या मिश्या. ती एक गोष्ट टिपून ठेवा. बाकी काही राहिलं तरी चालेल, ती राहता कामा नये. मूल फारच लहान असेल तर ते कुठलं खेळणं घेऊन झोपतं ते विचारा.

मग मोठ्या माणसांना विचारायचं. माणसं किती? केक किती वाजता कापणार, किती लांब न्यायचा, कापेपर्यंत कुठे ठेवणार? आणि येणाऱ्या मुलांपैकी कुणाला कशाची ॲलर्जी आहे का? हा शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोया, तीळ अशी एकेक नावं घेऊन विचारा. नुसतं "काही ॲलर्जी?" विचारलं की लोक घाईत "नाही" म्हणून मोकळे होतात.

थीम ठरवताना माझं मोजमाप साधं आहे: एक मुख्य आकृती आणि तीन रंग. समुद्र हवा असेल तर एक देखणा ऑक्टोपस, निळ्याच्या दोन छटा आणि एक केशरी. मासे, शिंपले, पाणबुडी, जलपरी सगळंच एका केकवर चढवलं की नजर कुठेच ठरत नाही आणि रात्रभर जागूनही एकही वस्तू नीट होत नाही. केक विकणार असाल तर आणखी एक: कार्टूनमधल्या पात्रांचे हक्क त्यांच्या मालकांकडे असतात. पात्र हुबेहूब करण्यापेक्षा त्याचे रंग आणि त्याच्या जगातल्या वस्तू घ्या.

वाढदिवसापासून मागे मोजत कामं वाटून घ्या

थीम केक एका दिवसात होत नाही. आकृत्या चार-पाच दिवस आधी. रंग कालवणं आणि स्पंज भाजणं दोन दिवस आधी. थर लावणं आणि केक झाकणं आदल्या दिवशी. त्या दिवशी फक्त जोडणी. स्पंज पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये (अन्न गुंडाळायच्या पातळ पारदर्शक प्लास्टिकमध्ये) दोनदा घट्ट गुंडाळून महिनाभर फ्रीजरमध्येही चांगला राहतो. वाढदिवस कामाच्या धबडग्यात येत असेल तर हा मार्ग धरा.

आकृती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

फॉन्डंट म्हणजे कणकेसारखा मळता आणि लाटता येणारा साखरेचा लगदा. नुसत्या फॉन्डंटची आकृती मऊ राहते आणि हळूहळू खाली बसते. त्यात सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक करणारी खाण्याची पावडर) मळावी लागते, २५० ग्रॅम फॉन्डंटला साधारण एक सपाट टीस्पून. मळून, घट्ट गुंडाळून तासभर ठेवला की लगदा आकार धरतो आणि सुकल्यावर कडक होतो.

जेसीबीच घेऊ, कारण तो मी नंतर बऱ्याचदा केला. सुरुवात चाकांपासून करा. काळ्या फॉन्डंटचे चार गोळे, मागचे दोन मोठे, पुढचे दोन जरा लहान. तळहाताने चपटे करा आणि कडेला सुरीच्या पाठीने तिरक्या खाचा द्या, टायर झाला. एवढ्यावर रात्रभर सुकू द्या. चाकं ओली असताना वर धड ठेवलं तर ती वजनाने दबून पोळीसारखी पसरतात. धडासाठी सहा-सात सेंटीमीटर लांबीचा पिवळा ठोकळा, वर केबिनचा चौकोनी तुकडा, खिडक्यांना पातळ करडे चौकोन. चिकटवायला पाण्याचं बोटसुद्धा जास्त होतं. ब्रश पाण्यात बुडवून कागदावर टेकवा, मग फिरवा.

पुढच्या फावड्यासाठी पातळ पट्टी लाटून ती पेन्सिलीवर अर्धगोल वाकवून सुकवा. खालच्या कडेला इवलेसे त्रिकोण लावा. हे दात मुलं मोजतात! मागच्या हाताचे तीन तुकडे करायचे, दोन दांडे आणि टोकाला बादली. ते आडवे ठेवून कोपरात वाकलेल्या आकारात जोडा आणि आडवेच पूर्ण दोन दिवस सुकू द्या. उभा करायची घाई केली की हात कोपरातून निखळतो.

जोडणीला आधार लागतो. लहान मुलांच्या केकमध्ये मी टूथपिक आणि तार वापरत नाही, कुणाच्या तोंडात कधी जाईल सांगता येत नाही. त्याऐवजी कच्ची स्पॅगेटी (काडीसारखा लांब पास्ता) घाला. छोट्या आकृत्यांना तिचा आधार पुरतो आणि ती खाण्याचीच वस्तू आहे. आकृत्या सुकवताना उघड्या डब्यात, सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे त्या ओलावा धरतात. उन्हातही नको, गुलाबी आणि जांभळे रंग उजेडाने उडतात. जांभळी परी दोन दिवसांत निळसर झालेली मी पाहिली आहे.

रंग

जेल कलरच घ्या, म्हणजे पेस्टसारखा घट्ट खाण्याचा रंग. पातळ रंगाने क्रीम आणि फॉन्डंट दोन्ही सैल पडतात. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच रंग घालून मळा आणि हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच थांबा, रात्रीत तो आपोआप गडद होतो. लाल आणि काळा मात्र हट्टी रंग आहेत. पांढऱ्यापासून करायला गेलात तर रंग ओतत राहावा लागतो आणि चव कडवट होते. काळ्यासाठी चॉकलेट बटरक्रीमपासून (बटर आणि साखर फेटून केलेल्या क्रीमपासून) सुरुवात करा. फॉन्डंट असेल तर तयार काळा किंवा लाल विकत आणणं शहाणपणाचं. हे रंग छोट्या तपशिलांपुरते ठेवा, नाहीतर सगळ्या मुलांचे ओठ आणि कपडे रंगतील.

चमकी घेताना डब्यावर "खाण्यायोग्य" असं लिहिलेलं आणि घटकांची यादी दिलेली हवी. "नॉन-टॉक्सिक" म्हणजे खाण्याची वस्तू नव्हे.

स्पंज

माझा हात बसलेली कृती देते. यात अंडं नाही, दूधही नाही, त्यामुळे बऱ्याच पाहुण्यांची सोय होते. मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको ३ टेबलस्पून, खायचा सोडा १ टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून. हे सगळं दोनदा चाळून घ्या, कोकोच्या गुठळ्या राहू देऊ नका. त्यात तेल ७५ मिली, व्हिनेगर १ टेबलस्पून, व्हॅनिला १ टीस्पून आणि पाणी २४० मिली घालून फक्त एकजीव होईपर्यंत ढवळा. सोडा आणि व्हिनेगर भेटताक्षणी बुडबुडे सुटायला लागतात, म्हणून ओव्हन आधीच १८० अंशांवर तापलेला आणि भांड्यांना कागद लावलेला हवा. सहा इंची दोन भांड्यांत वजन करून निम्मं निम्मं ओता. साधारण ३० मिनिटं लागतात. पहिली २० मिनिटं दार उघडू नका. मधोमध खुपसलेली काडी कोरडी आली की झालं. दहा मिनिटांनी भांड्यातून काढा आणि जाळीवर पूर्ण गार करा. कोमट स्पंजवर क्रीम लावलं तर ते वितळून थर घसरतात.

उंच सहा इंची केकचे दहा-बारा तुकडे होतात. जास्त माणसं असतील तर आठ इंची करा, त्याला सामान जवळजवळ दुप्पट लागतं.

थर आणि झाकण

दातेरी सुरीने वरचा फुगवटा काढून सपाट करा. निघालेला चुरा टाकू नका, जेसीबीच्या केकवर तीच माती!

मधल्या थराला आणि बाहेरून लावायला दोन पर्याय आहेत. बटरक्रीमसाठी मऊ बटर २०० ग्रॅम पांढरं होईपर्यंत फेटून त्यात ४०० ग्रॅम आयसिंग शुगर (पिठासारखी बारीक साखर) थोडी थोडी घाला. गनाशसाठी डार्क चॉकलेट ४०० ग्रॅम बारीक चिरून त्यावर उकळी फुटू लागलेलं फ्रेश क्रीम २०० ग्रॅम ओता, दोन मिनिटांनी ढवळा आणि पसरता येईल इतपत घट्ट होऊ द्या. उकाड्यात मी गनाशच धरते, बटर लवकर हार मानतं. दोन्हीत दूध आलंच, हे ॲलर्जीची यादी बघताना विसरू नका. बिनदुधाचं हवं असेल तर वनस्पती मार्जरिनचं बटरक्रीम करा, मात्र मार्जरिन, कोको, फॉन्डंट सगळ्यांची पाकिटं वाचून घ्या.

एक स्पंज, क्रीम, दुसरा स्पंज उलटा ठेवा म्हणजे वरची बाजू सपाट येते. आता सगळीकडून पातळ थर लावून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. हा क्रम्ब कोट. चुरा यात अडकतो आणि पुढचा थर स्वच्छ बसतो. मग केक टर्नटेबलवर (फिरत्या पाटावर) ठेवून जाड थर द्या, स्क्रेपर (क्रीम सपाट करायची सरळ पट्टी) एका जागी उभा धरा आणि टर्नटेबल फिरवा. हात हलवला की लाटा उमटतात.

अख्खा केक फॉन्डंटने झाकायलाच हवा असं मुळीच नाही. मुलं तो सोलून ताटलीत ठेवतात. जेसीबीला तपकिरी गनाशची जमीन त्याहून शोभते. पण गुळगुळीत रंगीत पृष्ठभाग हवाच असेल तर सहा इंची केकला ६०० ग्रॅमच्या आसपास फॉन्डंट घ्या. तीन-चार मिलिमीटर जाड, १५ इंच व्यासाचा गोल लाटा, लाटण्यावर घेऊन केकवर सोडा. आधी वरची बाजू, मग कड, मग बाजू अशा क्रमाने हात फिरवा. बाजूला चुण्या पडतील. त्या दाबू नका, साडीच्या निऱ्या मोकळ्या करतो तशा बाहेर ओढून पसरा आणि मग खाली बसवा. बुडबुडा आला तर बारीक सुईने टोचा, सुई मोजून परत ठेवा. फॉन्डंटखाली व्हिप्ड क्रीम (फेटून फुगवलेलं क्रीम, बटरक्रीम नव्हे) कधीही लावू नका, त्याच्या पाण्याने फॉन्डंट विरघळतो. फ्रिजमधून काढल्यावर फॉन्डंटला घाम येतो. त्याला बोट लावू नका, पंख्याखाली तासाभरात आपोआप सुकतो.

जोडणी आणि नेणं

आकृती जड असेल तर ती जिथे बसणार तिथे जाड स्ट्रॉ केकच्या उंचीएवढे कापून उभे रोवा, वर कागदी केक बोर्डचा छोटा गोल ठेवा आणि त्यावर आकृती. किती स्ट्रॉ घातले ते बॉक्सवर लिहून ठेवा.

केक गाडीच्या सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते. पायाशी किंवा डिकीत, सपाट जागी, खाली न घसरणारी चटई घालून ठेवा. बॉक्स बोर्डच्या मापाचाच हवा. मांडीवर घेऊन बसलेला केक मी दोनदा कलंडलेला पाहिला आहे, माणसाच्या अंगाची ऊबही त्याला सोसत नाही. मागच्या हातासारखा नाजूक भाग वेगळ्या डब्यात कापसावर नेऊन तिथेच जोडा. दुरुस्तीसाठी थोडं क्रीम, ब्रश आणि त्याच रंगाचा फॉन्डंटचा गोळा बरोबर असू द्या.

मेणबत्त्या आकृतीपासून आणि कागदी टॉपरपासून (केकवर खोचायच्या कागदी सजावटीपासून) दूर लावायला सांगा. बघ्यांना फोटोच्या गर्दीत हे सुचत नाही, म्हणून जागा तुम्हीच ठरवून खुणा करून द्या. तीन-चार वर्षांच्या आतली मुलं असतील तर कडक गोळ्या, चंदेरी मणी आणि मार्शमेलो वापरूच नका, घशात अडकतात.

कापायच्या आधी आकृती अलगद उचलून वाढदिवसाच्या मुलाच्या हातात द्या. कापल्यावर ती तुटलेली पाहिली की मुलं रडतात. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, प्रत्येक कापाला पुन्हा. आणि बॉक्सवर चार स्ट्रॉ लिहिले असतील तर चारही बाहेर आलेत का ते मोजा, मगच मुलांपुढे ताटल्या सरकवा.