टेनिस शिकवणारा व्हिडिओ निवडताना: कोणता बघायचा, कोणता अर्ध्यात सोडायचा

यूट्यूबवर ‘टेनिस फोरहँड’ एवढंच टाकलं, तरी आयुष्यभर पुरतील इतके व्हिडिओ समोर येतात. त्यातले बरेचसे बरोबरही असतात, पण दुसऱ्या कोणासाठी तरी. ज्याला सलग दहा चेंडू जाळ्यावरून पलीकडे टाकता येत नाहीत, त्याने टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने मिळणारी फिरकी, वाढवण्याच्या युक्त्या बघितल्या तर हातात असलेला फटकाही जातो. म्हणून आधी शोधायची ती स्वतःची तक्रार, व्हिडिओ नंतर.

‘माझा फोरहँड बिघडलाय’ ही तक्रार नव्हे. ‘बेसलाइनवरून मारलेला फोरहँड दहापैकी सहा वेळा लांब जातो’ ही तक्रार. (बेसलाइन म्हणजे कोर्टच्या मागच्या टोकाची रेषा; पलीकडची ती रेषा ओलांडून पडला की चेंडू लांब गेला.) चेंडू जातो कुठे, हे कळलं की अर्धं निदान होतं. लांब जात असेल तर चेंडूला भिडताना रॅकेटचं तोंड वर उघडलेलं असतं. जाळ्यात जात असेल तर रॅकेट खालून वर न येता सरळ किंवा वरून खाली येते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फोरहँड सारखा उजवीकडे सुटत असेल, तर बहुधा फटका उशिरा, शरीराच्या बाजूला लागतोय. हीच तक्रार शोधपेटीत लिहा. चांगलं साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे, तेव्हा ‘फोरहँड गोइंग लाँग’, ‘लेट काँटॅक्ट फोरहँड’, ‘सर्व्ह टॉस ड्रिफ्टिंग’ असे शब्द इंग्रजीत टाकले की नेमकं हाती लागतं.

पहिल्या दोन मिनिटांत काय तपासायचं

चांगला प्रशिक्षक सुरुवातीलाच सांगतो की हा धडा कोणत्या पातळीच्या खेळाडूसाठी आहे. त्यानंतर बघायचं ते चेंडू कुठून येतोय. कित्येक व्हिडिओंत कुणीतरी टोपलीतून अलगद, कमरेच्या उंचीवर चेंडू टाकत असतं आणि प्रशिक्षक जागेवर उभा राहून सुरेख फटके मारत असतो. शिकवण्याची सुरुवात तशीच व्हायला हवी, त्यात गैर काही नाही. पण तोच फटका पुढे चालत्या रॅलीत, म्हणजे दोघांत सलग फटके चालू असताना, दोन पावलं धावून मारलेला दाखवला नसेल, तर तो धडा अर्धाच आहे.

दुसरी खूण म्हणजे चुकणारा माणूस. फक्त प्रशिक्षकच खेळत असेल तर चूक कशी दिसते ते तुम्हाला कधीच कळणार नाही. ‘इसेन्शियल टेनिस’वर इयन वेस्टरमन अनेकदा क्लबात खेळणाऱ्या सामान्य खेळाडूंना घेऊन काम करतात, ते या कारणासाठी बघण्यासारखं. स्लोव्हेनियाच्या तोमाझ मेनसिंगर यांच्या ‘फील टेनिस’वर हाताला फटक्याची जाण यावी असे छोटे सराव बरेच आहेत. चॅनेल कोणतंही असो, ‘असं करा’ याच्या जोडीला ‘हे चुकलं तर चेंडू असा जाईल’ हे वाक्य यायला हवं. ते येत नसेल, तर कोर्टवर तुम्ही बरोबर करताय की नाही हे ताडायला काहीच उरत नाही.

तिसरी कसोटी थोडी तांत्रिक, पण फार कामाची. ‘टॉपस्पिनसाठी चेंडू लागताना मनगट फिरवा, रॅकेट चेंडूवरून गुंडाळा’ असं कुणी शिकवत असेल तर तो व्हिडिओ तिथेच बंद करावा. चेंडू तारांवर साधारण ४ ते ५ मिलिसेकंद असतो. रॅकेटचं डोकं ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने फिरत असेल, तर तेवढ्यात ते जेमतेम १० सेंटिमीटर पुढे जातं. इतक्या वेळात काही गुंडाळणं माणसाला शक्य नाही. टॉपस्पिन येतो तो तोंड जवळजवळ उभं ठेवलेली रॅकेट खालून वर गेल्यामुळे. फटक्यानंतर रॅकेट उलटी होताना दिसते, ती चेंडू निघून गेल्यावर. मुद्दाम मनगट पिळणाऱ्याचा चेंडू जाळ्यात जातो आणि वर मनगट दुखतं ते वेगळंच.

मग कॅमेरा. चेंडू शरीराच्या किती पुढे लागला हे कळायला चित्रण बाजूने, बेसलाइनच्या रेषेत हवं. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू, डावीउजवीकडे कुठे गेला, रॅकेट कोणत्या मार्गाने आली, हे मागूनच दिसतं. पकड दाखवायला मुठीचा जवळून घेतलेला शॉट लागतो. तिरपा, वरून घेतलेला एकच कोन दिसायला देखणा असतो, पण त्यातून शिकता काही येत नाही. डावखुऱ्यांसाठी एक सोय आहे: उजव्या हाताचा प्रशिक्षक कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असेल, तर डावखुऱ्याला ते आरशात बघितल्यासारखं दिसतं आणि तसंच्या तसं उचलता येतं. मागून घेतलेलं चित्रण मात्र आडवं उलटवून बघावं. व्हिडिओ फोनमध्ये उतरवलेला असेल तर एडिटमध्ये ती सोय मिळते.

सर्व्हिसचा व्हिडिओ: इथे घाई नको

सगळ्यात जास्त फसगत सर्व्हिसच्या धड्यांत होते, कारण मूळ चूक पकडीत असते आणि धडा मात्र गुडघे किती वाकवायचे यावर चालतो. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. रॅकेट कडेवर उभी धरली की सगळ्यात वरचा पैलू पहिला. मुठीच्या टोकाकडून बघत उजव्या हाताच्या खेळाडूने घड्याळाच्या दिशेने मोजायचं, डावखुऱ्याने उलट्या दिशेने. तर्जनीच्या मुळाचा सांधा दुसऱ्या पैलूवर ठेवला की काँटिनेंटल पकड, तिसऱ्यावर ईस्टर्न फोरहँड, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर वेस्टर्न. सर्व्हिस, व्हॉली (चेंडू उसळण्याआधीच मारलेला फटका) आणि स्मॅशला (डोक्यावरून मारलेला जोरदार फटका) काँटिनेंटल लागते. पैलूंचे आकडे देऊन पकड सांगणारा व्हिडिओ ‘हात मिळवल्यासारखं धरा’ म्हणणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा, कारण आकडा कोर्टवर जाऊन स्वतः तपासता येतो.

नवशिक्या हमखास फोरहँडच्या पकडीनेच सर्व्हिस करतो. मग रॅकेट डोक्यामागे जाताना तारा आकाशाकडे उघडतात, वेटर हातावर ट्रे धरतो तशा. या चुकीचं इंग्रजी नावच ‘वेटर्स ट्रे’ आहे आणि त्या नावाने शोधलं की बरेच धडे मिळतात. बरोबर हालचालीत रॅकेट कडेवर, म्हणजे धार चेंडूकडे ठेवून वर येते आणि अगदी शेवटी खांदा आणि कोपराखालचा हात आतून बाहेर फिरला की तारा चेंडूकडे वळतात. वेग तिथून येतो. ट्रे धरणाऱ्याला हे फिरणं करताच येत नाही. त्याचा चेंडू कोर्टात पडतो, पण ढकलल्यासारखा.

चांगला धडा आणखी एक गोष्ट आधीच बजावतो: काँटिनेंटल पकड घेतली की सुरुवातीला उजव्या हाताच्या खेळाडूचे चेंडू डावीकडे जाणार. हात पुरेसा फिरत नाही, तारा डावीकडे बघत राहतात. हे सांगितलेलं नसलं की शिकणारा दुसऱ्याच दिवशी जुन्या पकडीकडे परततो. उपाय म्हणून व्हिडिओत टप्पे दिलेले हवेत. आधी सर्व्हिस लाइनवर, म्हणजे जाळ्यापासून ६.४० मीटरवर उभं राहायचं, रॅकेट मुठीच्या थोडी वर धरायची, हात कानाजवळून सुरू करून अर्धाच फटका मारायचा. चेंडू सरळ जायला लागले की मागे सरकायचं. थेट बेसलाइनवरून पूर्ण सर्व्हिस सुरू करणारा धडा घेऊ नये.

टॉसचं मोजमापही धड्यात असावं. हात सरळ, चेंडू साधारण डोळ्यांच्या पातळीवर सोडायचा, उंची हात आणि रॅकेट पूर्ण ताणल्यावर पोचते त्याहून किंचित जास्त. तपासायचं असेल तर चेंडू मारूच नका, पडू द्या. पुढच्या पायाच्या एक फूट पुढे, कोर्टच्या आत आणि किंचित उजवीकडे पडला तर ठीक. डोक्यामागे पडत असेल तर मनगट वळतंय किंवा चेंडू उशिरा सुटतोय.

मोठ्या खेळाडूंची स्लो मोशन

ही बघायला सगळ्यांनाच आवडते, आणि बघावीही. मात्र उचलायचं काय ते ठरवून. प्रतिस्पर्ध्याचा फटका लागताना घेतलेली छोटी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप. चेंडू कुठे येतोय कळताच खांद्यांसह वळलेलं अख्खं शरीर. चेंडू लागून गेल्यावरही फेडररचं स्थिर राहिलेलं डोकं. हे सगळं शनिवार-रविवारी खेळणाऱ्यालाही जमतं. नदालची रॅकेट डोक्यावरून फिरून त्याच बाजूला संपते, ती मात्र ताकद, वेळ आणि हजारो तासांच्या सरावाने येते. नवशिक्याने ती नक्कल केली की चेंडूत जीवच राहत नाही. मातीच्या कोर्टवरचं घसरणं तर हार्ड कोर्टवर करून बघूच नये. आपल्याकडची बरीचशी कोर्ट, बालेवाडीतलीसुद्धा, हार्ड आहेत. तिथे गुडघा नाहीतर घोटा जातो.

संगणकावर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची कळ दाबली, की यूट्यूब एकेक फ्रेम मागेपुढे नेतं. वेग ०.२५ वरही आणता येतो. मूळ चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं असेल तर मात्र फायदा नाही: ताशी ७२ किलोमीटरने फिरणारी रॅकेट दोन फ्रेमच्या मध्ये ६६ सेंटिमीटर जाते आणि चेंडू लागल्याचा क्षण सापडतच नाही. २४० फ्रेमला हेच अंतर ८ सेंटिमीटर होतं.

बघून झाल्यावर

एका वेळी एकच व्हिडिओ आणि त्यातली एकच सूचना. ती स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहा: ‘चेंडू पुढच्या गुडघ्याच्या पुढे’ किंवा ‘उसळी घेण्याआधी खांदा वळलेला’. पाच शब्दांत बसत नसेल तर कोर्टवर आठवणार नाही. मग चेंडूशिवाय दहा हालचाली, हातातून सोडून उसळलेले दहा-पंधरा चेंडू, जोडीदाराने हाताने टाकलेले वीस-पंचवीस, आणि शेवटी रॅली. पहिल्या एकदोन सत्रांत फटका बिघडतो, ते अपेक्षितच आहे. तीनचार सत्रांनंतरही स्वतःच्या चित्रणात काहीच बदललेलं दिसलं नाही तर सूचना बदला. त्याआधी दुसऱ्या प्रशिक्षकाचा त्याच फटक्यावरचा व्हिडिओ उघडू नका. दोघं बरोबर असूनही परस्परविरोधी बोलू शकतात, कारण एक सेमी-वेस्टर्न पकड धरून चाललेला असतो आणि दुसरा ईस्टर्न.

स्वतःचं चित्रण मागच्या कुंपणाला फोन लावून, कमरेच्या उंचीवरून, २४० फ्रेमला घ्या, आणि एकदा बाजूनेही. त्याला भरपूर उजेड लागतो, म्हणून सकाळ उलटल्यावरचं ऊन बरं. संध्याकाळी फ्लडलाइटखाली स्लो मोशन लुकलुकते: आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि कॅमेरा ते पकडतो.

पैसे देऊन घ्यायच्या धड्यांत माझं मत स्पष्ट आहे: शेकडो व्हिडिओंचा संग्रह विकत घेण्यापेक्षा तुमचं चित्रण बघून उत्तर देणारी एकच फेरी जास्त मोलाची. घेण्याआधी विचारा की उत्तर कोण देणार, स्वतः प्रशिक्षक की सहायक, किती दिवसांत, आणि सुधारणा केल्यावरचा दुसरा व्हिडिओ त्याच पैशात बघणार का. वर्गणी आपोआप नूतनीकरण होणारी असेल तर बंद कशी करायची ते आधी शोधा, आणि किंमत डॉलरमध्ये असेल तर कार्डाचं परदेशी व्यवहाराचं शुल्क धरून हिशेब करा. पाठवताना निवडक सुंदर फटके पाठवू नका. सलग दहा फटके आणि दोन मिनिटांची रॅली, न कापता. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ दाबला जाऊन धूसर होतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवा.

मुलांसाठी शोधत असाल तर सगळ्यात आधी चेंडूचा रंग बघा. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. लाल चेंडूचं कोर्ट साधारण ११ मीटर लांब, नारिंगीचं १८, पूर्ण कोर्ट २३.७७. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार २०१२ पासून दहा वर्षांपर्यंतच्या स्पर्धांत हेच मंद चेंडू वापरायचे असतात. सात वर्षांच्या मुलाला पूर्ण कोर्टवर पिवळ्या चेंडूने शिकवणारा व्हिडिओ सोडून द्या: चेंडू त्याच्या डोक्यावरून उसळतो, तो मागे मागे जातो आणि रॅकेटची पकड वेडीवाकडी होते. रॅकेटही २७ इंची नको. या वयाला २१ ते २३ इंच पुरते.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं, तर त्यावर उपाय सांगणारे व्हिडिओ शोधण्याआधी खेळ थांबवा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. पुन्हा सुरू करताना जवळच्या प्रशिक्षकाची एक तासाची शिकवणी घ्या, बॅकहँड उशिरा लागतोय का आणि मूठ किती घट्ट आवळली जातेय ते प्रत्यक्ष बघायला सांगा. रॅकेटच्या तारा किती ताणलेल्या आहेत तेही विचारा. कडक पॉलिएस्टर तारा घातल्या असतील तर मऊ तारा कमी ताणावर घालून घ्या.