जुने गेम एम्युलेटरवर नीट चालत नाहीत? या चुका टाळा

काळा पडदा दिसला की बहुतेक जण आधी एम्युलेटर (जुन्या गेम मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) बदलतात. मग दुसरा, मग तिसरा. थोड्या वेळाने मशीनवर चार एम्युलेटर, प्रत्येकाची सेटिंग वेगळी, आणि गेम जिथल्या तिथे. दोष बहुतेक वेळा गेमच्या फाइलमध्ये किंवा बायोसमध्ये (मूळ मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये) असतो, आणि तो एम्युलेटर बदलून जात नाही.

म्हणून शोधायचा क्रम पक्का ठेवा: आधी फाइल, मग बायोस, मग कोअर (एका ठरावीक मशीनची नक्कल करणारा भाग), त्यानंतर चित्र आणि आवाज, शेवटी कंट्रोलर. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन सेटिंग एकदम बदलल्यावर गेम सुरू झाला, तर तो कशामुळे झाला हे कळत नाही आणि पुढच्या गेमला तीच शोधाशोध पुन्हा करावी लागते. खाली दिलेली मेनूंची नावे रेट्रोआर्क या अनेक कोअर एकाच ठिकाणी चालवणाऱ्या प्रोग्राममधली आहेत. स्वतंत्र एम्युलेटरमध्ये ती थोडी वेगळी असतील, पण कारणे तीच.

बायोसचे नाव बरोबर, फाइल भलतीच

एनईएस, एसएनईएस, मेगा ड्राइव्ह यांच्या कार्ट्रिजच्या गेमना बायोस लागत नाही. प्लेस्टेशन, सेगा सीडी, सॅटर्न अशा डिस्कवाल्या मशिनांना लागतो. पहिल्या प्लेस्टेशनसाठी बीटल पीएसएक्स कोअर प्रदेशानुसार बायोस मागतो: जपानी गेमला एससीपीएच ५५००, अमेरिकीला ५५०१, युरोपीयला ५५०२. तिन्ही फाइल बरोबर ५,२४,२८८ बाइट्सच्या असतात. आकार एका बाइटने जरी वेगळा असला तरी ती फाइल टाकून द्या.

इथे तीन चुका सारख्या होतात. पहिली, फाइल झिपमध्येच ठेवणे किंवा रेट्रोआर्कच्या सिस्टिम फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर करून त्यात टाकणे. दुसरी, नावात मोठी इंग्रजी अक्षरे वापरणे. विंडोजवर हे खपून जाते, लिनक्सवर मोठे आणि छोटे अक्षर वेगळे धरले जाते, त्यामुळे तिथे फाइल सापडतच नाही. तिसरी सगळ्यात फसवी. विंडोज एक्स्टेन्शन लपवते, तुम्ही नाव बदलताना शेवटी बिन लिहिता, आणि फाइलचे खरे नाव ‘बिन डॉट बिन’ होऊन बसते. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याची सोय चालू करूनच नावे बदला.

तपासायला कोअर लोड करा आणि इन्फर्मेशनमध्ये कोअर इन्फर्मेशन उघडा. कोणती फर्मवेअर फाइल आहे आणि कोणती नाही, याची यादी तिथे असते. फक्त ही यादी नाव पाहते, आतला मजकूर पाहत नाही. मजकुराची खात्री हवी असेल तर एमडी५ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढा आणि कोअरच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी जुळवा. सेव्हन-झिपची नवी आवृत्ती बसवलेली असेल तर फाइलवर राइट क्लिक करूनही हॅश काढता येतो.

बायोसवर कॉपीराइट असतो, तो स्वतःच्या मशीनमधून काढावा. गेमच्या प्रतीही स्वतःच्या डिस्क आणि कार्ट्रिजवरूनच. फुकट मिळणारे हजारो गेमांचे तयार गठ्ठे तांत्रिक कारणानेही टाळावेत: त्यांत वेगवेगळ्या आवृत्त्यांची सरमिसळ असते आणि पुढचा अर्धा त्रास तिथूनच येतो.

बिन उघडली, क्यू विसरली

डिस्कच्या गेमसोबत एक छोटी क्यू फाइल येते. ती साधी मजकुराची फाइल असते, आणि कोणता ट्रॅक कोणत्या बिन फाइलमध्ये कुठून सुरू होतो हे तिच्यात लिहिलेले असते. थेट बिन उघडली तर गेम कधी सुरू होतो, पण संगीत गायब असते, कारण ऑडिओ ट्रॅक कुठे आहेत हे एम्युलेटरला समजलेले नसते. कोअरला नेहमी क्यू द्या.

बिनचे नाव बदलले की क्यूच्या आतले नावही बदलावे लागते. नोटपॅडमध्ये उघडा, अवतरणचिन्हांतले नाव तंतोतंत जुळते का पाहा. फाइलींचा पसारा नको असेल तर मेम या आर्केड एम्युलेटरसोबत येणाऱ्या सीएचडीमॅनने क्यूपासून सीएचडी (दाबून लहान केलेली डिस्कची फाइल) बनवा. इनपुट म्हणून क्यूच द्यायची. बिन देऊन उपयोग नाही. एका डिस्कची एकच फाइल होते, आकार कमी होतो आणि माहिती तसूभरही हरवत नाही.

अनेक डिस्कच्या गेममध्ये ‘दुसरी डिस्क टाकली आणि सेव्ह सापडत नाही’ ही तक्रार हमखास येते. रेट्रोआर्कमध्ये मेमरी कार्डची फाइल उघडलेल्या गेमच्या नावाने बनते. दुसरी डिस्क वेगळी उघडली की नाव वेगळे, म्हणून कार्डही कोरे. उपाय सोपा आहे. एमथ्रीयू एक्स्टेन्शनची मजकूर फाइल करा, एका ओळीवर एका डिस्कचे नाव लिहा आणि गेम नेहमी त्या फाइलवरून सुरू करा. डिस्क बदलायची वेळ आली की क्विक मेनूमधल्या डिस्क कंट्रोलमध्ये जाऊन इजेक्ट करा, क्रमांक बदला, पुन्हा आत घाला.

आर्केडची झिप उघडू नका

इतर मशिनांच्या सवयी आर्केडला (नाणे टाकून खेळायच्या मशिनांना) लावल्या की फसगत होते. आर्केडच्या झिपमध्ये त्या सर्किट बोर्डावरच्या एकेका चिपची प्रत असते, आणि झिपचे नाव हीच एम्युलेटरसाठी गेमची ओळख असते. झिप सोडवायची नाही, नाव सुंदर करायचे नाही.

शिवाय मेमची आवृत्ती बदलते तशी चिपांची यादीही सुधारत जाते. मेम २००३ प्लस या कोअरला ०.७८ वर आधारलेला संच लागतो. एफबीनिओ या दुसऱ्या आर्केड कोअरला त्याच्या स्वतःच्या ताज्या यादीशी जुळणारा. एका कोअरवर चालणारी झिप दुसऱ्यावर चालली नाही तर ती खराबच असेल असे नाही, ती दुसऱ्या यादीची असते. कुठल्या संचासाठी कुठला कोअर हे आधी ठरवा, मग क्लीअरमेमप्रो किंवा रोमव्हॉल्टने यादीशी ताडून घ्या.

स्प्लिट संचात उपआवृत्तीच्या गेमला मूळ गेमची झिपही शेजारी लागते. निओ जिओच्या गेमना निओजिओ नावाची बायोस झिप हवी, तीही न सोडवता. नवशिक्यांनी फुल नॉन-मर्ज्ड संच ठेवावा: जागा जास्त खातो, पण प्रत्येक झिप स्वयंपूर्ण असते.

पॅच लावला आणि गेम मोडला

एसएनईएसच्या काही जुन्या प्रतींच्या सुरुवातीला कार्ट्रिजची प्रत काढणाऱ्या कॉपिअर यंत्रांनी जोडलेले ५१२ बाइट्सचे हेडर असते. फाइलच्या आकाराला १,०२४ ने भागा. बाकी ५१२ आली तर हेडर आहे. पॅच म्हणजे मूळ गेमच्या फाइलमध्ये बदल करणारी छोटी फाइल. आयपीएस पॅच फक्त ‘अमुक जागी अमुक बाइट लिहा’ एवढेच सांगतो, त्यामुळे हेडर असले-नसले की सगळ्या जागा ५१२ ने सरकतात आणि पडद्यावर कचरा दिसतो. बीपीएस पॅच मात्र मूळ फाइलचा चेकसम तपासतो आणि जुळला नाही तर काम करायलाच नकार देतो. दोन्ही मिळत असतील तर बीपीएसच घ्या.

निन्टेन्डो ६४ मध्ये हाच घोळ बाइटच्या क्रमाचा. हेक्स एडिटरमध्ये पहिले चार बाइट ८० ३७ १२ ४० असतील तर फाइल झेड६४ क्रमातली. ३७ ८० ४० १२ असतील तर व्ही६४. एम्युलेटर दोन्ही ओळखतो, पण पॅच बहुधा झेड६४ साठी बनवलेले असतात. आधी क्रम बदला, मग पॅच लावा.

जुन्या सल्ल्यावर निवडलेला एम्युलेटर

झेडएसएनईएस या जुन्या एसएनईएस एम्युलेटरची शिफारस अजूनही कुठे कुठे दिसते. त्याच्या काळात ते मोठे काम होते, आज ते वापरू नये. त्याची अचूकता कमी आहे, आणि त्याच्यावरच तपासून बनवलेले काही जुने भाषांतर-पॅच खऱ्या मशीनवर किंवा अचूक एम्युलेटरवर मोडतात. एसएनईएससाठी साध्या मशीनवर एसनेस९एक्स, ताकद असेल तर बीएसनेस. मेगा ड्राइव्हला जेनेसिस प्लस जीएक्स, गेम बॉय ॲडव्हान्सला एमजीबीए, एनईएसला मेसेन. निन्टेन्डो ६४ चे चित्र काढणाऱ्या पॅरलल आरडीपीला व्हल्कन (नवे ग्राफिक्स तंत्र) लागते. जुन्या ग्राफिक्स कार्डावर ते बंद पडले तर कोअरला दोष देऊ नका.

वेग आणि आवाज

गेम मंद वाटतो, तेव्हा आधी प्रदेश पाहा. युरोपीय आवृत्त्या ५० हर्ट्झवर चालायच्या, जपानी-अमेरिकी ६० वर. ६० साठी लिहिलेला गेम न सुधारता ५० वर आणला की तो सुमारे १७ टक्के मंद होतो; युरोपात अनेक गेम असेच विकले गेले. त्यात ५० फ्रेम ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दाखवताना काही फ्रेम दोनदा दिसतात आणि सरकणारी पार्श्वभूमी हिसके देते. मूळ गेम युरोपातच घडलेला नसेल तर ६० हर्ट्झची आवृत्ती घ्या.

उलट गेम भरधाव पळत असेल तर आवाजाचे सिंक बंद झालेले आहे का आणि मॉनिटर १२० किंवा १४४ हर्ट्झचा आहे का ते बघा. एसएनईएसचा खरा वेग ६०.०९८८ हर्ट्झ आहे. मॉनिटरच्या ६० शी तो पुरता जुळत नाही, म्हणून रेट्रोआर्क आवाजाचा वेग अगदी किंचित खालीवर करून दोन्ही सांभाळते. व्हीसिंक (चित्र मॉनिटरच्या वेगाशी जुळवणे) आणि ऑडिओ सिंक दोन्ही चालू ठेवा. १२० हर्ट्झला स्वॅप इंटरव्हल २ करा. १४४ ला ६० ने भाग जात नाही, तेव्हा मॉनिटर १२० वर आणा. जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमप्रमाणे बदलण्याची सोय) असेल तर ‘सिंक टू एक्झॅक्ट कंटेन्ट फ्रेमरेट’ चालू करा.

आवाज तडतडत असेल तर ऑडिओ लेटन्सी ६४ मिलिसेकंदांवरून ९६ किंवा १२८ करून पाहा. लॅपटॉप पॉवर सेव्हिंगवर असेल तर ते आधी बंद करा. तरीही तडतड थांबली नाही, तर मशीनला तो कोअर झेपत नाही. हलका कोअर घ्या.

मात्र प्रत्येक लुकलुक बिघाड नसतो. एनईएस एका आडव्या रेषेवर फक्त आठ स्प्राइट (हलणारी छोटी चित्रे) दाखवू शकते, म्हणून गर्दी झाली की मूळ मशीनवरही पात्रे लुकलुकायची; प्रोसेसरवर ताण आला की खेळही रेंगाळायचा. पडद्याच्या कडेला दिसणारा कचरा टीव्हीच्या चौकटीमागे लपायचा. कोअर ऑप्शनमधून ओव्हरस्कॅन कापला की तो जातो.

ताणलेले चित्र

एसएनईएसचे चित्र साधारणपणे २५६ गुणिले २२४ पिक्सेलचे, पण टीव्हीवर ते ४:३ मध्ये दिसे. ॲस्पेक्ट रेशो ‘कोअर प्रोव्हायडेड’ ठेवा. रुंद पडदा भरण्यासाठी १६:९ केले की वर्तुळे लंबगोल होतात आणि उडीचा अंदाज चुकतो. पिक्सेल चमचमत असतील तर इंटिजर स्केल चालू करा: १,०८० ओळींच्या पडद्यावर २२४ च्या चौपट ८९६, वरखाली काळी पट्टी राहते, पण प्रत्येक पिक्सेल सारखा. जुन्या टीव्हीसारखे दिसायला हवे असेल तर सीआरटी शेडर लावा. सीआरटी रॉयल जड आहे, झेडफास्ट हलका.

उडी उशिरा लागते

६० हर्ट्झला एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. टीव्हीवर खेळत असाल तर आधी त्याचा गेम मोड चालू करा, बाकी सगळे त्यानंतर.

मग रन-अहेड, म्हणजे गेम आतल्या आत काही फ्रेम पुढे चालवून उशीर लपवणारी सोय. पण आकडा अंदाजाने टाकू नका. गेममध्ये उभे राहा, पी दाबून थांबवा, उडीचे बटण धरून ठेवा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. पात्र तिसऱ्या दाबाला हलले तर गेमचा स्वतःचा उशीर दोन फ्रेमचा, म्हणून रन-अहेड २ पेक्षा जास्त नको. जास्त दिले की हालचालीचे पहिले फ्रेम गळतात आणि पात्र झटका देऊन हलते. हा आकडा प्रत्येक गेमचा वेगळा असतो, म्हणून गेम ओव्हरराइडमध्ये (फक्त त्या गेमपुरत्या सेटिंगमध्ये) साठवा.

सेव्ह स्टेटच्या भरवशावर राहणे

सगळ्यात जास्त दुखावणारी चूक हीच. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या मेमरीची नक्कल, आणि तिची मांडणी कोअरची आवृत्ती ठरवते. कोअर अपडेट झाला की जुनी स्टेट उघडेलच याची हमी नाही. गेमच्या आतून केलेले सेव्ह मात्र खऱ्या कार्ट्रिजच्या बॅटरीवरच्या माहितीसारखेच असते आणि दुसऱ्या एम्युलेटरमध्येही नेता येते. अपडेटपूर्वी गेमच्या आतून सेव्ह करा आणि त्या फाइलची प्रत बाजूला ठेवा.

एसआरएम फाइल (गेमच्या आतून केलेल्या सेव्हची फाइल) डिस्कवर केव्हा लिहिली जाते तेही जाणून घ्या: नेहमीच्या पद्धतीने गेम बंद केल्यावर. फोनवर ॲप सरकवून मारले तर तासाभराचा खेळ जाऊ शकतो. सेव्हिंगमध्ये ‘सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल’ शून्य असेल तर १० सेकंद करा. जुनी स्टेट उघडल्यावर तिच्यातले जुने सेव्ह ताज्या सेव्हवर चढते. ते टाळायला ‘स्टेट लोड करताना सेव्हरॅम बदलू नये’ अशा अर्थाचा पर्याय तिथेच आहे.

प्लेस्टेशनचे मेमरी कार्ड १,३१,०७२ बाइट्सचे असते. बीटलची एसआरएम डकस्टेशन या प्लेस्टेशनच्या स्वतंत्र एम्युलेटरला न्यायची तर एक्स्टेन्शन बदलून एमसीडी करणे पुरते. गेम बॉय ॲडव्हान्सवर पोकेमॉन फायररेड ‘सबसर्किट बोर्ड बसवलेला नाही’ असे म्हणाला, तर सेव्हचा प्रकार चुकलाय. तो फ्लॅश १२८ केबी करा.

कंट्रोलर

बटणे उलटी वाटली तर आठवा: रेट्रोआर्कची कल्पित मांडणी एसएनईएसच्या पॅडची आहे, एक्सबॉक्सच्या पॅडवर ए आणि बी यांच्या जागा अदलाबदल होतात. प्लेस्टेशनच्या गेममध्ये ॲनालॉग काठी मेली असेल तर क्विक मेनूच्या कंट्रोल्समध्ये पोर्ट १ चा डिव्हाइस टाइप ड्युअलशॉक करा. १९९७ मध्ये ड्युअलशॉक येण्याआधीच्या काही गेमना उलट साधा डिजिटल पॅडच लागतो. डॉस किंवा अमिगावर टाइप करताना मेनू उघडत असेल तर स्क्रोल लॉक दाबून गेम फोकस चालू करा.

सगळेच बिघडले तर

ड्रायव्हर बदलल्यावर रेट्रोआर्क उघडतच नसेल तर पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई नको. रेट्रोआर्कची सीएफजी फाइल नोटपॅडमध्ये उघडा, व्हिडिओ ड्रायव्हरच्या ओळीत व्हल्कनऐवजी जीएल लिहा. तेवढ्याने न भागल्यास त्या फाइलचे नाव बदला. पुढच्या वेळी कोरी फाइल तयार होते, सेव्ह जागेवर राहतात.

दोष गेमचा की मांडणीचा हे ठरत नसेल तर २४०पी टेस्ट सूट चालवा. अनेक जुन्या मशिनांसाठी तो मोफत मिळतो. त्यातली जाळी ॲस्पेक्ट रेशो दाखवते, स्क्रोल टेस्ट हिसके उघडे पाडते, ऑडिओ सिंक टेस्ट आवाजाचा उशीर दाखवते. तो स्वच्छ चालला आणि गेम चालला नाही, तर पुन्हा फाइलकडे वळा. लॉगिंगमध्ये व्हर्बोसिटी चालू करून गेम एकदा सुरू करा आणि लॉगच्या शेवटच्या काही ओळी वाचा. न सापडलेल्या फाइलचे पूर्ण नाव बहुतेक वेळा तिथे लिहिलेले असते.