जुन्या छायाचित्रातील ब्रिटिश वाफेचे इंजिन कसे ओळखावे

प्रथम चाके मोजावीत. पुढची आधारचाके, मधली एकमेकांना जोडलेली चालक चाके आणि मागची आधारचाके या क्रमाने, दोन्ही बाजूंची चाके धरून, तीन आकडे लिहिले जातात. त्यामुळे एका बाजूला २, ३ आणि १ चाक दिसणारे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ४-६-२ ठरते.

त्यानंतर क्रमांक वाचावा, कारण काळाचा सर्वांत भक्कम पुरावा बहुधा तोच असतो. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर साधारणपणे आधीच्या रेल्वे कंपन्यांपैकी सदर्नच्या इंजिनांच्या क्रमांकात ३००००, लंडन मिडलँड अँड स्कॉटिशच्या क्रमांकात ४०००० आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या क्रमांकात ६०००० मिळवण्यात आले. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांवर मात्र धातूच्या ओतीव पाट्या असल्याने त्यांचे जुने क्रमांक कायम राहिले. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा विक्रम करणाऱ्या ‘मॅलार्ड’चा क्रमांक तेव्हा ४४६८ होता, १९४६ मध्ये तो २२ झाला आणि पुढे ६००२२. म्हणजेच ६००२२ हा क्रमांक दिसणारे छायाचित्र विक्रमाच्या दिवसाचे असूच शकत नाही. असा उलगडा झाला की मोठे समाधान लाभते.

जतन केलेल्या इंजिनांबाबत मात्र विशेष सावध राहावे. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’वर १९६३ नंतर पुन्हा ४४७२ हा जुना क्रमांक रंगवण्यात आला होता, त्यामुळे तेथे फलाटावरील माणसांचे पोशाख आणि शेजारच्या मोटारीही तपासाव्यात.