दातातली कीड काढून घेताय? या चुका टाळा

भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली अळी पाडायची पद्धत आपल्याकडच्या खेड्यांत जुनी आहे. नाशिकमधल्या माझ्या दवाखान्यात दिंडोरी-निफाडकडून येणारे आजोबा अजूनही विचारतात, "डॉक्टर, अळी निघाली का?" दातात अळी नसते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, आम्लतेचं माप म्हणजे सामू (pH) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. पण 'कीड' या शब्दामुळे आपल्याला वाटतं, ती मुळापासून खरवडूनच काढली पाहिजे. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

किडलेल्या भागात दोन थर असतात. वरचा ओला, मऊ, जंतूंनी भरलेला. तो छोट्या चमच्यासारख्या हत्याराने सहज निघतो, बऱ्याचदा ड्रिलशिवाय. खालचा थर चामड्यासारखा चिवट असतो आणि तो सावरू शकतो. खड्डा खोल असेल तर कडा कडक लागेपर्यंत साफ करायच्या आणि नसेजवळचा थोडा भाग मुद्दाम ठेवून वरून घट्ट सिमेंट भरायचं. आतल्या जंतूंना अन्न मिळत नाही, कीड थांबते. सगळं काढायच्या नादात नस उघडी पडली, तर साध्या सिमेंटवर भागणाऱ्या दाताला रूट कॅनाल करावं लागतं. म्हणून पुढे एक्स-रेमध्ये सिमेंटखाली सावली दिसली, तर "काम अर्धवट केलं" म्हणून लगेच उकरून घेऊ नका. ज्यांनी भरलं त्यांना आधी विचारा, ते मुद्दाम ठेवलं होतं का.

पपईतल्या पपेनचं जेल ब्राझीलमध्ये २००३ साली आलं. ते फक्त सडलेला भाग सैल करतं, निरोगी दाताला धक्का लावत नाही. अर्धा मिनिट थांबायचं, खरवडायचं, पुन्हा लावायचं. यात वेळ जातो, घाई करायला लावू नका. आणि हे वाचून कच्च्या पपईचा चीक घरी दाताला लावू नका, हिरडी सोलवटते. लवंगतेलाने ठणका तात्पुरता दबतो, कीड तशीच वाढत राहते.

लहान मुलांच्या दाताला चांदीचं औषध, म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं, की किडलेली जागा कायमची काळी पडते. आया घाबरतात, ते मला समजतं. पण ती काळी जागा टणक लागली तर कीड थांबली आहे. डॉक्टरांनी हे आधी सांगायलाच हवं. चांदीची ॲलर्जी असेल तर तुम्हीही आधी सांगा. बहुतेकदा सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, ती फेरी चुकवू नका.

सिमेंट भरल्यावर तासभर काही खाऊ नका. ग्लास आयनोमर या प्रकारचं सिमेंट असेल तर दिवसभर त्या बाजूने मिसळीवरची कडक शेव, चिवडा नको. दोन दिवसांनीही तोच दात आधी टेकत असेल, तर सवय होईल म्हणून थांबू नका. उंच राहिलेलं सिमेंट घासून घेणं पाच मिनिटांचं काम आहे.

रात्री आपोआप ठणका लागत असेल किंवा हिरडीवर पुवाची पुळी असेल, तर जेल आणि चांदीच्या औषधाचा आग्रह धरू नका. तिथे नसेपर्यंत बिघाड पोचलेला असतो. गालावर सूज, ताप, तोंड उघडताना त्रास, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.