प्रसिद्ध व्यक्ती आणि चित्रपट-संगीतावरची प्रश्नमंजुषा : प्रश्न कसे रचावेत, कसे विचारावेत

गणेशोत्सवात, गृहनिर्माण संस्थेच्या वर्धापनदिनी किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात प्रश्नमंजुषा ठरली, की प्रसिद्ध व्यक्ती, चित्रपट, गाणी आणि क्रिकेट यांवरच्या फेऱ्या हमखास असतात. त्यांचे प्रश्न मात्र बहुधा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले असतात. अमुक यांचा जन्म कधी झाला, तमुक पुरस्कार कोणत्या साली मिळाला, अशा प्रश्नाचे उत्तर पाठ असेल तर येते, नसेल तर संघ ‘पास’ म्हणून मोकळा होतो आणि प्रेक्षकांच्या हाती काहीच लागत नाही. ज्या प्रश्नावर संघातले चौघे डोकी एकत्र करून कुजबुजू लागतात आणि तर्काने उत्तराच्या जवळ पोहोचतात, तोच प्रश्न विचारण्याजोगा, असे माझे ठाम मत आहे.

एक प्रश्न घडवून पाहू. ‘ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण?’ याचे उत्तर भानू अथैया. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना १९८३ साली हा पुरस्कार जॉन मोलो यांच्यासह मिळाला. प्रश्न चुकीचा नाही, पण कोरडा आहे. तोच असा विचारावा : ‘कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या एका वेशभूषाकार स्त्रीला १९८३ साली एक वस्तू मिळाली. आपल्यामागे ती नीट जपली जाईल की नाही या काळजीने त्यांनी ती २०१२ साली, ज्या संस्थेने दिली होती तिच्याकडेच परत पाठवली. व्यक्ती कोण आणि वस्तू कोणती?’ येथे कोल्हापूर हा एक धागा आहे, वेशभूषा हा दुसरा आणि परत पाठवावी इतकी मोलाची वस्तू हा तिसरा. नाव आठवले नाही तरी ऑस्करची बाहुली ओळखता येते, म्हणून दोन्ही भागांना वेगवेगळे गुण ठेवावेत. उत्तर जाहीर झाल्यावर सभागृहात ‘असे होय!’ असा उद्गार उमटला, तर प्रश्न जमला असे समजावे.

शब्दरचनेत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती ‘पहिला’, ‘सर्वाधिक’ आणि ‘एकमेव’ या शब्दांची. भारतातील पहिला चित्रपट कोणता, असे विचारले की दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हे उत्तर येते. तो ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. मात्र त्याच चित्रपटगृहात १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता, छायाचित्रणकार परदेशी होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली होती, या कारणांनी अनेक अभ्यासक त्याला पहिलेपणाचा मान देत नाहीत. तरीही एखाद्या जाणकार स्पर्धकाने आक्षेप घेतला तर तो रास्तच ठरतो. अशा वेळी वादाची जागा सोडून त्याच विषयातली पक्की जागा धरावी. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राणी तारामतीची भूमिका कोणी केली, हा प्रश्न अधिक रंजकही आहे, कारण त्या काळी स्त्रिया पडद्यावर यायला तयार नसल्याने ती भूमिका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने केली. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या, म्हणजे जोडप्रश्नही आयताच मिळतो.

लता मंगेशकर यांनी एकूण किती गाणी गायिली, हा प्रश्न तर कधीच विचारू नये. एकेकाळी गिनीजच्या नोंदीत त्यांच्या नावावर पंचवीस हजार गाण्यांचा आकडा होता, परंतु त्यावर महंमद रफी यांनी आक्षेप घेतला आणि पुढे ती नोंद वगळली गेली. त्याऐवजी असे विचारावे : ‘१९६५ सालच्या “साधी माणसं” या चित्रपटातील “ऐरणीच्या देवा तुला” या गाण्याचे संगीतकार आनंदघन आणि त्या गाण्याची गायिका यांच्यात नाते काय?’ स्पर्धक भाऊ, वडील, गुरू असे तर्क करत राहतात. उत्तर असे, की दोन्ही व्यक्ती एकच. लताबाई आनंदघन या नावाने संगीत देत असत.

प्रत्येक उत्तर किमान दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळावे. एकाच मजकुराची नक्कल दहा ठिकाणी दिसली, तरी तो पुरावा एकच असतो. चित्रपटाची श्रेयनामावली, पुरस्कार देणाऱ्या संस्थेची यादी आणि त्या काळची वृत्तपत्रे यांवर अधिक भिस्त ठेवावी. काळाबरोबर बदलणाऱ्या उत्तरांच्या प्रश्नात मुदत घालावी. मराठीला ज्ञानपीठ किती वेळा मिळाले, असे न विचारता ‘२०१४ पर्यंत’ असे म्हटले, की खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि नेमाडे ही चार नावे निर्विवाद राहतात.

संघात आजोबा आणि नात शेजारी बसणार असतील, तर दोघांनाही वाव देणारे प्रश्न हवेत. ‘मुंबईतल्या एका मराठी कवी-प्राध्यापकाच्या धाकट्या मुलाचे नाव प्रसिद्ध संगीतकारावरून ठेवले गेले, तो मुलगा कोण?’ यात रमेश तेंडुलकर आणि सचिनदेव बर्मन थोरांना आठवतात, सचिन तेंडुलकर मुलांना. गाण्याच्या फेरीत मुखडा न ऐकवता त्याआधीची धूनच ऐकवावी.

प्रश्न संथपणे दोनदा वाचावा. हुकलेला प्रश्न पुढच्या संघाकडे जातो. पण पुढचा नवा प्रश्न नेहमी ठरलेल्या क्रमाने दिला, तर कच्च्या संघाच्या पुढे बसलेल्याला सतत आयते प्रश्न मिळत राहतात. म्हणून ज्याने उत्तर दिले त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू करावा आणि कोणालाच उत्तर आले नाही, तर तो मुळात ज्याला विचारला होता त्याच्या पुढच्या संघाला द्यावा. हा नियम आरंभीच जाहीर करावा, तसेच आक्षेप कोणाकडे आणि कधीपर्यंत नोंदवायचा तेही सांगावे.

अखेरीस गुण समान झाले, तर संख्येत उत्तर असलेला एक प्रश्न राखून ठेवलेला असावा. सचिन तेंडुलकरच्या कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी मिळून आंतरराष्ट्रीय धावा किती, असे विचारून दोन्ही संघांकडून उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि ३४,३५७ या आकड्याच्या जो जवळ असेल त्याला विजयी घोषित करावे.