मॉडिफाय इंजिनमध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगा कधी बदलायच्या? या चुका टाळा

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, रिमॅप झाला (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली), रेव्ह लिमिट ६५०० आरपीएमवरून (मिनिटाला फेरे) ७२०० वर गेली, पण व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगा कंपनीच्याच राहिल्या. अशी गाडी ६३०० पर्यंत झकास ओढते आणि मग एकदम मिसिंग करायला, म्हणजे ठोके चुकवायला लागते. संशय आधी ठिणगीच्या कॉइलवर जातो, मग प्लगवर, मग फ्युएल पंपावर. तिन्ही बदलले तरी मिसिंग जागचे हलत नाही.

ठरावीक आरपीएमनंतर स्प्रिंग व्हॉल्व्हला कॅमला चिकटवून ठेवू शकत नाही. व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, सीटवर (बंद होताना तो जिथे टेकतो) आपटून पुन्हा उसळतो. हाच व्हॉल्व्ह फ्लोट. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट तेलाने भरून काढणारा भाग) असेल तर मोकळ्या झालेल्या जागेत ते तेल भरून लांबते, त्यामुळे आरपीएम उतरल्यावरही काही क्षण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही.

इग्निशन की स्प्रिंग, हे न तपासणे

टर्बो गाडीत कमजोर ठिणगी विझते ती सिलिंडरमधला दाब सर्वाधिक असतो तिथे, म्हणजे पीक टॉर्कच्या (सर्वाधिक ओढीच्या) आसपास. स्प्रिंगचे मिसिंग वरच्या टोकाला, जवळपास त्याच आरपीएमला येते, गिअर कोणताही असो. प्लगचा गॅप ०.९ वरून ०.७ मिमी करून बघा. फरक पडला तर दोष ठिणगीचा. नाही पडला आणि बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) कमी केल्यावर मिसिंग आणखी वरच्या आरपीएमला सरकले, तर स्प्रिंगा काढून मोजायची वेळ झाली.

बूस्टचा हिशेब बरेचजण धरतच नाहीत. ३० मिमीच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीमागे १ बार बूस्ट असेल, तर तो व्हॉल्व्हला सुमारे ७ किलोने उघडायच्या दिशेने ढकलतो. सीटवरचा दाब (व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगचा जोर) २२ किलो असेल तर त्यातला जवळजवळ एक तृतीयांश तिथेच गेला. म्हणून रेव्ह लिमिटला हात न लावता नुसता बूस्ट वाढवला, तरी स्प्रिंग अपुरी पडू शकते. डिझेलच्या साध्या रिमॅपमध्ये आरपीएमच कमी असल्याने ही वेळ क्वचित येते.

किलोमीटरवर किंवा नुसत्या लांबीवर निर्णय घेणे

यावर आमचे मत ठाम आहे: स्प्रिंग दाब मोजूनच बदलायची. मोकळी लांबी कॅलिपरने मोजली, मॅन्युअलमध्ये बसली, एवढ्यावर स्प्रिंग पास करू नका. दाब उतरलेला असू शकतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेडचे (इंजिनच्या वरच्या भागाचे) काम करणाऱ्या मशीन शॉपमध्ये स्प्रिंग टेस्टर आहे का ते विचारा आणि प्रत्येक स्प्रिंगचे दोन आकडे घ्या: बसवलेल्या उंचीवरचा (व्हॉल्व्ह बंद असताना) दाब आणि पूर्ण लिफ्टवरचा (व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना) दाब. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही वेळा तापून थंड होताना थोड्या बसतात. त्यानंतरचा आकडा मूळ धरा. त्याच्या १० टक्के दाब उतरला की संच बदला. एकच स्प्रिंग तुटली किंवा ढिली निघाली तरी सगळा संच बदला, कारण बाकीच्यांनी तेवढेच फेरे खाल्लेले असतात.

उंची न मोजता कॅम आणि स्प्रिंग बसवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. समजा बसवलेली उंची ३५ मिमी, सीटवरचा दाब २२ किलो आणि स्प्रिंग दर मिमीला ३ किलो घेते. ९ मिमी लिफ्टला स्प्रिंग २६ मिमीवर येते, दाब ४९ किलो. हिचे वेटोळे २४ मिमीला एकमेकांना टेकत असतील तर २ मिमी मोकळीक आहे, ठीक. आता १०.५ मिमी लिफ्टचा कॅम घातला की मोकळीक उरते अर्धा मिमी. किमान १.५ मिमी तरी हवी, नाहीतर स्प्रिंग तुटेल किंवा कॅमचे टोक घासले जाईल. पूर्ण लिफ्टला रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि व्हॉल्व्ह सीलमध्येही तेवढीच जागा सोडा.

उलटही होते. सीट कटिंगनंतर व्हॉल्व्ह आत बसतो आणि उंची वाढते. ०.८ मिमी वाढली तर वरच्या हिशेबात २.४ किलो गेले, म्हणजे नवी स्प्रिंगसुद्धा १० टक्क्यांहून जास्त ढिली. तिथे स्प्रिंग बदलू नका, खाली ०.७५ मिमीचा शिम (पातळ चकती) टाका. शिम टाकल्यावर वेटोळ्यांची मोकळीक पुन्हा मोजा.

गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घालण्याचा नादही सोडा. कॅम, रॉकर आणि टायमिंग चेनवर तो भार कायम पडतो, आणि कॅमचे लोब (उंचवटे) आधी झिजतात.

घाटातली चुकलेली गिअर विसरणे

करूळ किंवा आंबा घाट उतरताना चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, तर इंजिन चाकांच्या जोरावर लिमिटच्या वर जाते. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) फक्त इंधन तोडू शकतो, चाके थांबवू शकत नाही. असे झाले असेल तर लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघणे) करा, कव्हर काढून स्प्रिंगा आणि रिटेनर बघा.

बसवताना ओरखडा पाडणे

स्प्रिंग पक्कडीत धरू नका, तिच्यावर नंबर कोरू नका, वायर ब्रश किंवा अ‍ॅसिड लावू नका. तुटण्याची सुरुवात बारीकशा ओरखड्यातून होते. एका टोकाला वेटोळी दाट असतील तर ते टोक हेडकडे. चालू करण्याआधी नव्या स्प्रिंगांना तेल लावा.

हेड न उतरवता बदलत असाल तर त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सर्वांत वरच्या टोकाला) आणा, गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि प्लगच्या भोकातून सुमारे ६ बार हवा द्या. तेल परत जाण्याची भोके कापडाने बुजवा. लॉक (रिटेनरला व्हॉल्व्हवर धरणारे छोटे तुकडे) उडतातच, तेव्हा चुंबक हाताशी असू द्या. शेवटी लॉक मोजा: प्रत्येक व्हॉल्व्हला दोन. एक जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत सेल्फ मारू नका.